आजीची नाणी आणि चिंचेचं पाणी

आज स्टुडिओत आम्ही चौघीजणी आहोत, एकाच बचत गटातल्या. एरवी आम्ही कोणाकोणाला बोलावतो आणि प्रश्न विचारतो. आज मात्र स्वतःच बोलणार आहोत, कारण आजचा विषय म्हणजे आमच्याच हातून झालेली चूक आहे. जुनी नाणी, त्यांच्यावर चढलेला हिरवा थर, आणि तो काढायच्या नादात आम्ही काय करून बसलो, ते सांगायचं आहे. तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या देवघरात नाहीतर सासूबाईंच्या ट्रंकेत दोन-चार जुनी नाणी असतील. दिवाळी जवळ आली आहे. म्हटलं, यंदा चिंच भिजत घालायच्या आधीच हे तुमच्या कानावर घालावं.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गटातल्या आम्ही सगळ्या देवळातल्या समया आणि तांब्याची घागर घासायला बसलो होतो. चिंचेचा कोळ, खडे मीठ, थोडी राख आणि नारळाचा काथ्या, नेहमीचाच सरंजाम. तेवढ्यात आमच्यातल्या एकीच्या आजेसासूबाई आल्या. त्यांना सगळं गाव आजीच म्हणतं. त्यांच्या हातात खणाचा बटवा होता, आणि त्यात अकरा नाणी. सात शिवराया होत्या. शिवराई तुम्ही पाहिली असेल, तांब्याची, जाडसर. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं. उरलेली चार नाणी लहान, वेडीवाकडी, त्यांच्यावर काय आहे ते कोणालाच वाचता येईना. सगळी हिरवीकाळी झालेली. आजी म्हणाल्या, “पोरींनो, माझ्या लक्ष्म्यापण जरा उजळून द्या.”

आम्ही दिल्या की उजळून! समईला लावला तोच कोळ, तेच मीठ, वर राखेने खसाखसा घासलं. अर्ध्या तासात अकराच्या अकरा नाणी गुलाबी, नव्या पैशासारखी. आम्हीच एकमेकींकडे बघून हसलो, फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून ती पूजेत बसली. लक्ष्मीपूजनाला त्यांना पंचामृताची आंघोळ, हळदीकुंकू, आणि मग तशीच ओलसर पुन्हा बटव्यात गेली.

श्रावणात आजींनी बटवा उघडला तर आतलं कापड हिरवं झालेलं. नाणी झटकली की पिस्त्याच्या रंगाची भुकटी पडत होती. दोन शिवरायांना टोचून काढल्यासारखे खड्डे पडले होते, आणि एकीवरचा ‘छत्र’ शब्द होता की नव्हता असा झाला होता. आजी आम्हाला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढे काही महिन्यांनी वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तू जपण्याचं काम करणाऱ्या एक मॅडम दुसऱ्याच विषयावर बोलायला आमच्या केंद्रावर आल्या होत्या. आम्ही बटवा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पांढऱ्या कागदावर एक नाणं हलकेच आपटलं, खाली पडलेली भुकटी पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, “मीठ लावलं होतं का?” आज सांगतो आहोत त्यातलं बरंचसं आम्ही तेव्हापासून त्यांच्याकडून आणि त्यांनी दिलेल्या पुस्तकांतून शिकलो.

आधी हे समजून घेऊ की नाणं हिरवं होतं म्हणजे काय होतं. तांबं मुळात जमिनीतूनच येतं. खाणीत ते पुष्कळदा हिरव्या दगडाच्या रूपात सापडतं, त्या दगडाला मॅलाकाइट म्हणतात. माणूस भट्टी पेटवतो, दगडातून तांबं वेगळं काढतो, त्याचं नाणं पाडतो. ते नाणं पुन्हा मातीत पडलं की ओल, हवा आणि मातीतले क्षार यांच्या संगतीने हळूहळू आपल्या जुन्या रूपाकडे परत निघतं. धातूला अगदी लागून तांबूस लाल थर तयार होतो. त्याच्यावर हिरवा थर चढतो, आणि हा हिरवा थर पुष्कळदा त्या मॅलाकाइटचाच असतो. कुठे काळाही होतो. आपल्याला हे नवीन नाही. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं तर ते कळकतं, ओतून द्यावं लागतं. ताकातल्या आंबटाने ओढून काढलेला धातूच असतो तो.

आता इथे आमची समजूत चुकली होती. आम्हाला वाटत होतं की नाणं आत आहे आणि वर घाण बसली आहे. भांड्याच्या बाबतीत ते खरंही असतं. पण शेकडो वर्षं जमिनीत राहिलेल्या नाण्याचं तसं नसतं. वरचा धातूच थर होऊन बसलेला असतो. ठशाने उमटलेली अक्षरं, चित्रं, टिंबांची किनार हे सगळं आता त्या थरात असतं, खालच्या धातूत नाही. गिलाव्यावर चित्र काढलंय आणि आपण भिंत स्वच्छ करायची म्हणून गिलावाच खरवडला, तर विटा स्वच्छ दिसतील, चित्र कुठे राहणार? आमच्या चार लहान नाण्यांचं तेच झालं. ती आता गुळगुळीत तांब्याच्या चकत्या आहेत. त्यांच्यावर काय होतं ते आम्ही घासलं आणि मोरीत वाहून गेलं.

आणि मीठ? ते तर चिंचेपेक्षा वाईट. चिंचेतलं आम्ल थर काढतं, तिथे नुकसान एकदाच होतं. मिठातलं क्लोराइड मात्र नाण्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं. तांब्याशी त्याचा संयोग होतो आणि तो फिकट, मेणासारखा पदार्थ धातूला चिकटून राहतो. कोरडं असेपर्यंत काही कळत नाही. हवेत ओल आली की त्याची हिरवी भुकटी होते, आणि होता होता थोडं आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा तोच पदार्थ, पुन्हा ओल, पुन्हा आम्ल. चरकच तो. आत मीठ आहे, बाहेर ओल आहे, तोवर थांबत नाही. जाणकार याला ‘कांस्यरोग’ म्हणतात, पण तो निव्वळ तांब्याच्या नाण्यालाही होतो. आम्ही आमच्यापुरतं त्याला ‘हिरवा तांबेरा’ नाव ठेवलंय, कारण गव्हाच्या पानावर बोट फिरवलं की तांबेऱ्याची पूड बोटाला लागते ना, अगदी तशी ही पूड निघते. गव्हाचा तांबेरा म्हणजे बुरशी, जिवंत असते. हा जिवंत नाही. पण चाल तीच.

चांगलं हिरवं आणि वाईट हिरवं ओळखायचं कसं, हे आता नीट ऐका, कारण सगळा खेळ इथेच आहे. नाणं दिवसाउजेडी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवा. मुलांच्या कंपासपेटीत बहिर्गोल भिंग असलं तर उत्तम. चांगला थर गडद असतो, गर्द हिरवा, तपकिरी, कधी काळपट. तो नाण्याशी एकजीव दिसतो, हाताला गुळगुळीत आणि टणक लागतो. बांबूच्या काडीने हलकेच टोकरलं तरी सुटत नाही, आणि अक्षरं त्याच्यातूनच वाचता येतात. असा थर नाण्याचं रक्षण करतो, आतला धातू झाकून ठेवतो. त्याला काहीही करायचं नाही.

वाईट हिरवं फिकट असतं, पोपटी नाहीतर पिस्त्यासारखं. ते सगळीकडे सारखं नसतं. ठिपक्या-ठिपक्यांनी, खळग्यांत, काठाला फुटतं. भुसभुशीत असतं, काडी लावली की पावडर होऊन कागदावर पडते, खाली खड्डा दिसतो. खात्री वाटत नसेल तर ती पूड कोरड्या मऊ ब्रशने झटकून टाका आणि नाणं वेगळं ठेवून आठ-पंधरा दिवसांनी बघा. त्याच जागी पुन्हा उगवली असेल तर रोग चालू आहे. पावसाळ्यात हे लवकर कळतं.

चांदीच्या नाण्याचं थोडक्यात सांगतो. ते काळं पडतं ते हवेतल्या गंधकामुळे. चुलीचा धूर, रबर, लोकर, अंड्याची भांडी यांच्या सहवासाने आपले पैंजण काळे होतात तसंच. काळेपणाने नाण्याचं फारसं बिघडत नाही. चांदीच्या नाण्यावर हिरवं दिसलं तर समजायचं की चांदीत मिसळलेलं तांबं बाहेर आलं आहे. अशी चांदी आतून पोखरलेली असू शकते. वाजवून बघायला म्हणून आपटलं तर बिस्किटासारखा तुकडा पडतो. दातमंजन, राख, ॲल्युमिनियमचा कागद आणि सोडा हे उपाय आपल्या रोजच्या पैंजणांपुरते ठेवा.

शिसं मात्र वेगळं आहे, आणि लहान मुलांच्या आयांनी इकडे लक्ष द्या. आपल्या भागात सातवाहन राजांची शिशाची नाणी सापडतात. ती करडी, आकाराच्या मानाने जड, आणि त्यांच्यावर पांढरी पूड धरते. शिसं विषारी आहे. ती पांढरी पूड पोटात जाता कामा नये, मुलांच्या तर मुळीच नाही. मुलं काय, हातात आलं की तोंडात. असं नाणं हाताळलं तर साबणाने हात धुवा, आणि ते स्वयंपाकघरात किंवा पाळण्याजवळ ठेवू नका. ही पूड झटकूही नका, ती श्वासावाटे जाते. शिशाला आंबट वाफ सोसत नाही. लाकडी पेटी, पुठ्ठ्याचा खोका यांतूनसुद्धा अगदी थोडी आंबट वाफ सुटत असते, तेवढीही त्याला बाधते.

तुम्ही म्हणाल, बायांनो, झिजल्या पैशासाठी एवढा सायास कशाला? आम्हालाही तसंच वाटलं होतं. मग मॅडमनी जोगलटेंभीचं सांगितलं. नाशिक जिल्ह्यातलं गाव. तिथे १९०६ साली जमिनीत चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, एक-दोन नव्हे, १३ हजारांहून जास्त नाणी. ती होती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची, त्याच्या चेहऱ्याची. पण त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. तो राजा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. नहपानाला हरवलं आणि त्याचंच चलन आपल्या ठशाखाली आणलं. एका बाजूला कमानींच्या डोंगरासारखं चैत्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. आणि त्या ठशाखालून नहपानाचं नाक, हनुवटी, कडेची अक्षरं अजून पुसट डोकावतात. कोणी कोणाला हरवलं, कोणाचं राज्य कोणाकडे गेलं, हे त्या पुसट रेषांवरून कळलं. या रेषा केसाएवढ्या बारीक. आमच्यासारख्या चौघी काथ्या घेऊन बसल्या असत्या तर राहिलं असतं काय?

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. या सातवाहन राजांच्या नाण्यांवर कडेने ब्राह्मी लिपीत नाव असतं, ‘रञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’, म्हणजे गौतमीचा मुलगा श्री सातकर्णी, त्या राजाचं. त्याच्या नंतरचा पुळुमावी, तो वासिष्ठीपुत्र. आईच्या नावाने ओळखले जाणारे राजे, आणि ती नावं बाजारात हातोहात फिरणाऱ्या पैशावर. गौतमी बलश्रीचा शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यात आहे, आमच्यातल्या दोघी बघूनही आल्या. आमच्या त्या चार लहान नाण्यांवर असंच कोणाचं नाव होतं का, हे आता आम्हाला कधीच कळणार नाही. आम्ही एवढंच जाणतो की कडेला काहीतरी होतं. फोटोत दिसतं, वाचता येत नाही.

तर मग घरी काय करायचं? फार थोडं. नाणं काठाने धरायचं, कारण बोटांच्या घामातही मीठ असतं. खाली मऊ कापड अंथरायचं, पडलं तर आपटू नये. नुसती सुकी माती असेल तर मऊ ब्रशने झटकायची. माती घट्ट बसली असेल आणि नाणं तांब्याचं, टणक गडद थराचं असेल, तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही तास भिजवून बांबूच्या काडीने माती तेवढी सोडवता येते. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला दुकानात मिळतं. मागताना ‘डिस्टिल्ड वॉटर’ असंच मागा, नुसतं बॅटरीचं पाणी म्हणालात आणि दुकानदाराने ॲसिडची बाटली दिली तर भलतंच व्हायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, आपल्याकडे बोअरला क्षार किती ते हंड्यांना विचारा. भिजवून झालं की टिपून, सावलीत पूर्ण सुकवायचं. शिशाचं नाणं मात्र या पाण्यात ठेवू नका, शुद्ध पाण्यात शिसं विरघळतं. आणि पोपटी भुकटी असलेलं नाणंही भिजवू नका. त्याला पाणी दाखवणंच नको.

रोग लागलेलं नाणं घरी बरं होत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. सुटी पूड झटकायची, नाणं इतरांपासून वेगळं करायचं आणि कोरडं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात. हवेतला दमटपणा साधारण ४० टक्क्यांच्या खाली राहिला तर रोग निजून राहतो. आपल्या पावसाळ्यात तो त्याच्या दुप्पट असतो. म्हणून खाऊच्या चांगल्या प्लास्टिकची घट्ट झाकणाची बरणी घ्यायची आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नये’ असं लिहिलेली छोटी पुडी येते ना, तीच. ती ओल पिऊन भरली की उपयोगाची राहत नाही, बदलावी लागते. कापडाचा बटवा ओल धरतो. वर्तमानपत्राचा कागद नको. आणि पासबुकाला असतं तसलं मऊ, वास येणारं प्लास्टिक तर अजिबात नको, त्यातून क्लोरीनचा अंश सुटतो आणि नाण्यावर चिकट हिरवं येतं. आमच्या गटाच्या एका ताईंनी काळजीने नाणं पासबुकाच्या कव्हरातच जपलं होतं.

प्रयोगशाळेत काय करतात तेही विचारलं होतं आम्ही. नाणं सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे ठेवतात, पाणी बदलत राहतात, आतलं क्लोराइड निघेपर्यंत. बेन्झोट्रायझोल नावाचं रसायन लावतात, ते तांब्यावर पातळ कवच धरतं. शेवटी वरून लाखेसारखा पारदर्शक थर देतात. ऐकून आमच्यातली एक म्हणाली, पहिलं तर आपल्या धुण्याच्या आणि खाण्याच्या सोड्यांचंच भावंड आहे, घरी जमेल की. रसायनाच्या दृष्टीने ती बरोबर होती. पण मॅडम म्हणाल्या, किती दिवस ठेवायचं, क्लोराइड निघालं की नाही, चांगला थर बिघडतोय का, हे तपासत राहावं लागतं. आणि ते दुसरं रसायन अंगाला चांगलं नाही, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर बाटलीसुद्धा उघडू नये. आम्ही तो नाद सोडला. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तू जपणारा विभाग आहे. जवळच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात जाऊन विचारलं तरी वाट सापडते.

पूजेचं काय, हा प्रश्न आजींनीच विचारला. “लक्ष्मीला आंघोळ नाही घालायची का मग?” आम्ही काय उत्तर देणार! त्यांनीच तोडगा काढला. नाणी बरणीसकट चौरंगावर, समोर एक सुपारी, पंचामृत आणि हळदीकुंकू सुपारीला. दोन दिवाळ्या तसंच चाललंय.

आता दुसरी गोष्ट, ती यंदाच्या उन्हाळ्यातली. आमच्या गटातली एक सून लिंबाच्या रोपासाठी शेतात खड्डा घेत होती. दोन हात खाली कुदळ खापराला लागली. फुटक्या गाडग्यात एकमेकींना चिकटलेल्या नाण्यांचा हिरवा गोळा होता, नारळाएवढा. घरात लगेच दोन मतं. दीर म्हणाले, ॲसिडमध्ये टाकून सुटी करू, ओळखीचा एक व्यापारी आहे. सासरे म्हणाले, शेत माझ्या नावावर, सातबारा माझा, मी ठरवीन. सूनबाईने गोळा ओढणीत गुंडाळून टोपलीखाली झाकला आणि आम्हाला फोन केला.

अशा वेळी पहिली गोष्ट, गोळा फोडायचा नाही, धुवायचा नाही. कोणतं नाणं कशाशेजारी होतं, गाडगं कसलं होतं, त्यावरूनच ते कोणी कधी पुरलं ते कळतं. आम्ही खापराचे तुकडेही गोळा केले, खड्ड्याचा फोटो घेतला आणि तो तसाच उघडा ठेवून वर पत्रा टाकला.

दुसरी गोष्ट कायद्याची. १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे, अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, साधारण किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यात हवं. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर जिल्हाधिकारी सांगतील तसा जामीन द्यायचा. कळवलं नाही तर आपला वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाटा कोणाचा? चौकशीत मूळ मालक कोणी निघाला नाही, आणि सापडणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा. ऐकलंत ना? सातबारा कोणाचाही असो, कुदळ जिच्या हातात होती तिचा वाटा मोठा.

पण घबाड मिळेल अशी आशा धरू नका. सरकारला तो साठा ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढं देऊन घेता येतो. तांब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे. आम्ही सूनबाईला हे आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, “जेवढं असेल तेवढं, पण माझ्या नावाने.”

अर्ज लिहायला बसलो तेव्हा शेजारचे एक काका म्हणाले, घरच्या कर्त्याचं नाव घाला, बाईमाणसाला कचेरीत कशाला फिरवता. आम्ही जिला सापडलं तिचंच नाव घातलं, दोन प्रती काढल्या आणि एकीवर पोच घेतली. मग पंचनामा झाला. सासरे आधी रागावले होते, पण चौथा हिस्सा कायद्यानेच त्यांचा आहे हे कळल्यावर पंचनाम्याला तेच पुढे येऊन बसले. दीर मात्र अजून म्हणतात, लाखो रुपये घालवले.

लाखो रुपयांवरून आठवलं. ‘तुमच्याकडच्या जुन्या नाण्याला इतके लाख देतो’ असे फोन आणि मेसेज येतात. आधी नोंदणीचे, मग कराचे म्हणून पैसे भरायला सांगतात, आणि भरले की फोन बंद. काहीजण रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुनी नाणी-नोटा विकत घेण्याशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क मागत नाही. शिवराई तर पेशवाईतसुद्धा भरपूर पाडली जात होती, घरोघर सापडते. तिला लाख कोण देतो? आणि १०० वर्षांवरची नाणी पुरावस्तू धरली जातात, ती परदेशी पाठवणं हा गुन्हा आहे, तेव्हा ‘फॉरेनचं गिऱ्हाईक आहे’ असं कोणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करा.

गोळा आता कोषागारात आहे. कोणाची नाणी, किती, हे अजून कोणी सांगितलेलं नाही; सुटी करायला वेळ लागेल म्हणाले. पावती सूनबाईने गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत ठेवायला दिली आहे, घरी ठेवत नाही म्हणाली. लिंबाचं रोप बांधाच्या पलीकडे दुसऱ्या खड्ड्यात लावलं, ते जगलंय. आणि आजींच्या अकरा नाण्यांपैकी सहा बरणीत ठीक आहेत, पाच वेगळ्या बरणीत. या श्रावणात त्या पाचांतल्या तिघींवर भुकटी आली नाही. दोघींवर आली.

तुमच्याकडे अशी नाणी असतील आणि काही विचारायचं असेल तर मंगळवारी दुपारी केंद्रावर या. नाणी आणू नका, फोटो आणा. नमस्कार.